कला की वाणिज्य? : एका प्रश्नाचा इतिहास



दहावीचा निकाल लागला की आमच्या शाळेच्या व्हरांड्यात दरवर्षी एकच देखावा दिसतो. पालकांच्या हातात गुणपत्रिकेची झेरॉक्स, शेजारी मान खाली घालून उभा असलेला मुलगा किंवा मुलगी, आणि ठरलेला प्रश्न : "सर, आर्ट्स घेऊन पुढे काय करणार?"

काही वर्षांपूर्वी असेच एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आले होते. त्यांचे कापडाचे लहानसे दुकान. मुलीला इतिहासात आणि भाषांत उत्तम गुण मिळाले होते. तिची इच्छा बी.ए. करण्याची. वडिलांचे म्हणणे, "कॉमर्स घे. निदान दुकानाचा हिशेब तरी बघशील." मुलगी हळूच म्हणाली, "अब्बा, हिशेब तर कॅल्क्युलेटर पण करतो. आलेलं गिऱ्हाईक परत का येत नाही, ते कोण सांगणार?" वडील हसले, मीही हसलो. परंतु खरे सांगायचे तर त्या दिवशी दोघांपैकी कोणालाच मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. "विचार करून सांगतो" एवढे म्हणून मी त्यांना निरोप दिला.

मी इतिहास शिकवतो. इतिहासाच्या शिक्षकाला उत्तर सापडले नाही तर तो मागे वळून पाहतो. मीही तेच केले. कला आणि वाणिज्य या दोन विद्यांची ताटातूट केव्हा झाली, कोणी केली, आणि आज विद्यापीठात या दोन्ही पदव्या एकत्र घेता येतात असे म्हणतात ते कितपत खरे, याचा शोध घेतला. त्यातून जे हाती आले ते आपल्यापुढे ठेवीत आहे. आपल्या घरात येत्या जूनमध्ये हाच प्रश्न उभा राहणार असेल, तर हा लेख आपल्यासाठीच आहे असे समजावे.

बाजार आणि विद्या एकाच घरात

प्रथम आपल्या पूर्वजांकडे पाहू या. पैगंबर हजरत मुहंमद (स.) यांनी तरुणपणी व्यापार केला आणि हजरत खदीजा (र.) या स्वतः मोठ्या व्यापारी होत्या, हे आपल्या घरातील लहान मुलालाही ठाऊक असते. पण त्याच काळातील आणखी एका स्त्रीचे नाव आपल्या मुलींना सहसा सांगितले जात नाही. त्या म्हणजे हजरत शिफा बिन्त अब्दुल्ला (र.). मक्केत लिहिता-वाचता येणारी माणसे मोजकी होती त्या काळी त्यांना लेखनकला अवगत होती. हजरत हफ्सा (र.) यांना त्यांनी लिहायला शिकवले. पुढे खलिफा हजरत उमर (र.) यांनी मदिनेच्या बाजाराच्या देखरेखीचे काही काम त्यांच्याकडे सोपवले, असे जुन्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. वाचकहो, जरा विचार करा. लिहायला शिकवणारी स्त्री आणि बाजारावर लक्ष ठेवणारी स्त्री एकच होती! आजच्या भाषेत बोलायचे तर कला शाखा आणि वाणिज्य शाखा त्यांच्या ठायी एकत्र नांदत होत्या.

दुसरे उदाहरण इमाम अबू हनीफा यांचे. इ. स. ६९९ मध्ये कूफा शहरात जन्मलेले हे थोर फकीह कापडाचे व्यापारी होते. दुकान चालवीत त्यांनी विद्या मिळवली आणि विद्या मिळाल्यावरही दुकान सोडले नाही. त्यांच्या चरित्रात एक प्रसंग सांगितला जातो. त्यांनी आपल्या भागीदाराकडे माल पाठवला आणि एका कापडात दोष आहे, तो गिऱ्हाइकाला दाखवूनच विकावे, असे बजावले. भागीदार ते विसरला. माल विकला गेला, गिऱ्हाईक कोण हेही कळेना. तेव्हा इमामसाहेबांनी त्या विक्रीची सारी रक्कम दानधर्मात देऊन टाकली. दोष सांगून माल विकणे हे धर्मशास्त्र झाले आणि गिऱ्हाइकाचा विश्वास राखणे हे व्यापाराचे शास्त्र झाले. त्यांच्या दुकानात ही दोन्ही शास्त्रे एकाच गादीवर बसलेली होती.

तिसरे नाव इब्न खल्दून यांचे. १३३२ मध्ये ट्युनिस येथे जन्मलेल्या आणि १४०६ मध्ये कैरो येथे निधन पावलेल्या या इतिहासकाराने १३७७ मध्ये आपला 'मुकद्दिमा' लिहून काढला. इतिहासाच्या या ग्रंथात व्यापारावर स्वतंत्र प्रकरणे आहेत. त्यात ते सांगतात की, जाणता व्यापारी सर्वांना, म्हणजे श्रीमंत-गरीब दोघांना लागेल असाच माल नेतो, आणि तोही मध्यम प्रतीचा. कारण अत्युत्तम माल घेणारे थोडे असतात, मध्यम माल घेणारे पुष्कळ. आज बाजारपेठेच्या अभ्यासात ग्राहकांचे गट पाडून कोणासाठी कोणता माल, हे ठरवायला शिकवतात. सहाशे वर्षांपूर्वी एका इतिहासकाराला हे सुचले, कारण तो माणसांच्या समाजाचा अभ्यास करीत होता.

ताटातूट कशी झाली?

मग ही दोन घरे वेगळी केव्हा झाली? आपल्याकडे त्याचे उत्तर मुंबई विद्यापीठाच्या इतिहासात आहे. १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही तीन विद्यापीठे स्थापन झाली. मुंबईची पहिली बी.ए.ची तुकडी १८६२ ची. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे त्यातलेच. त्या काळात उच्च शिक्षण म्हणजे मुख्यतः बी.ए. हेच समीकरण होते. व्यापार मात्र पेढीवर शिकायचा, मुनीमजींच्या हाताखाली. जमाखर्च, हुंडी, भाव ही विद्या महाविद्यालयात मिळत नसे आणि मिळावी असे फारसे कोणास वाटतही नसे.

तरीसुद्धा त्या पिढीतील मोठी माणसे दोन्ही दरवाजांतून ये-जा करीत. दादाभाई नौरोजींचेच पाहा. ते एल्फिन्स्टन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. १८५५ मध्ये कामा आणि कंपनीचे भागीदार म्हणून ते इंग्लंडला गेले, १८५९ मध्ये त्यांनी स्वतःची पेढी काढली, आणि त्याच काळात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ते गुजराती भाषेचे प्राध्यापकही होते. एकीकडे कापसाचा व्यापार, दुसरीकडे भाषेचे अध्यापन! भारताचे दारिद्र्य आकड्यांनिशी मांडणारा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ १९०१ मध्ये आला. ज्याने स्वतः माल विकला होता आणि ज्याला शब्दही वापरता येत होते, असाच माणूस ते काम करू शकला.

विसाव्या शतकाच्या आरंभी कंपन्या, बँका, रेल्वे आणि सरकारी कचेऱ्या वाढल्या. हिशेबनीस, लेखापाल, व्यवस्थापक हवे झाले. १९१३ मध्ये मुंबईत सिडनहॅम कॉलेज सुरू झाले. आशियातील पहिले वाणिज्य महाविद्यालय म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. वाणिज्याला विद्यापीठाची पायरी चढता आली ही गोष्ट चांगलीच झाली. परंतु त्याबरोबर एक भिंतही उभी राहिली. यापुढे मुलाला अकरावीच्या उंबरठ्यावरच विचारले जाऊ लागले, "तू अलीकडचा की पलीकडचा?" हळूहळू समाजाने त्या भिंतीला मानापमानही चिकटवला. हुशार तो विज्ञानाकडे, व्यवहारी तो वाणिज्याकडे, आणि उरलेला तो कलेकडे! या विभागणीला इतिहासात आधार नाही. हा केवळ आपल्या सवयीचा दोष होय.

मार्केटिंगचा जन्म कोणाच्या पोटी?

आता ज्या मार्केटिंगचा आज एवढा बोलबाला आहे, ते शास्त्र कोठून आले ते पाहू. पुष्कळांना वाटते की ते हिशेबाच्या वहीतून निघाले असावे. तसे नाही.

अमेरिकेत १८८१ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात व्हार्टन स्कूल निघाले आणि व्यापाराचे शिक्षण विद्यापीठात आले. त्यानंतर १९०२ मध्ये मिशिगन विद्यापीठात एडवर्ड डेव्हिड जोन्स या अर्थशास्त्राच्या शिक्षकाने मालाच्या वितरणावर एक अभ्यासक्रम शिकवला. मार्केटिंगच्या अगदी पहिल्या अभ्यासक्रमांत त्याची गणना होते. शेतात पिकलेला, कारखान्यात तयार झालेला माल गिऱ्हाइकापर्यंत कसा पोहोचतो आणि वाटेत त्याची किंमत का वाढते, हा त्याचा विषय. म्हणजे या शास्त्राचे पहिले घर अर्थशास्त्र.

दुसरे घर मानसशास्त्र. वॉल्टर डिल स्कॉट हे नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ. माणसाचे लक्ष कशाने वेधते, आठवण कशी टिकते, इच्छा कशी जागी होते, याचा विचार त्यांनी जाहिरातीला लावला आणि १९०३ व १९०८ मध्ये त्यावर दोन पुस्तके लिहिली. पुढे १९६० मध्ये जेरोम मॅकार्थी यांनी मार्केटिंगची चार अंगे मांडली : वस्तू, किंमत, ठिकाण आणि प्रसिद्धी. १९६७ मध्ये फिलिप कोटलर यांचे जे पाठ्यपुस्तक आले ते अजून जगभर शिकवले जाते. या कोटलरसाहेबांची पदव्युत्तर पदवी आणि डॉक्टरेट दोन्ही अर्थशास्त्रातील आहेत.

आपण ही चार अंगे आपल्या मोहल्ल्यातील दुकानाला लावून पाहा. कोणती वस्तू ठेवावी, हे कळण्यासाठी वस्तीतील माणसे, त्यांचे सण, त्यांच्या लग्नसराईचे दिवस ठाऊक हवेत. हे समाजशास्त्र झाले. किंमत किती ठेवावी, हे अर्थशास्त्र. दुकान कोठे थाटावे, हा भूगोल. आणि पाटीवर, जाहिरातीत, गिऱ्हाइकाशी बोलताना कोणते शब्द वापरावेत, ही तर सरळ सरळ भाषाच! जे विषय आपण 'आर्ट्सचे' म्हणून बाजूला सारतो, त्यांच्याच खांद्यावर हे शास्त्र उभे आहे. नफा-तोट्याचा हिशेब मात्र वाणिज्याकडूनच शिकावा लागतो, हेही तितकेच खरे. त्यावाचून उत्तम चाललेले दुकानही एके दिवशी कुलूप पाहते.

आपल्या मातीतील दाखले

अमेरिकेचे दाखले पुरेसे वाटत नसतील तर आपल्या महाराष्ट्राकडे या. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मूळचे चित्रकलेचे विद्यार्थी, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते शिकले. त्यांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा शेतकरी तो घेईनात. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी त्यांची समजूत होती. नांगर उत्तम होता, अडचण मनात होती. अशा वेळी कारखान्यात आणखी हातोडे मारून काय उपयोग? शेतकऱ्याच्या मनाशी आणि त्याच्या भाषेत बोलणे भाग होते. पुढे याच घराण्यातील शंकरराव किर्लोस्कर यांनी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' हे पत्र सुरू केले. हेतू कारखान्याच्या मालाची माहिती देण्याचा. पण त्यातून मराठीतील एक नामांकित मासिक उभे राहिले, आणि १९३० मध्ये 'स्त्री' मासिकही निघाले. ब्रश आणि लेखणी हाती धरणाऱ्या माणसाने नांगराचा बाजार वाढवला आणि नांगराच्या बाजाराने मराठी साहित्याला मासिक दिले. कला आणि वाणिज्य एकमेकांना कसे पोसतात याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

आणखी एक दाखला आपल्या दस्तरखानावरचा. १९०६ मध्ये हकीम अब्दुल मजीद यांनी दिल्लीत हमदर्द दवाखाना सुरू केला आणि त्यानंतर लवकरच 'रूह अफ्जा' हे सरबत आले. उन्हाळ्यात थंडावा देणारी सरबते त्या काळीही पुष्कळ हकीम करीत असतील. पण आत्म्याला टवटवी देणारे, या अर्थाचे ते काव्यमय फारसी नाव लोकांच्या जिभेवर बसले ते आजतागायत. रमजानमध्ये इफ्तारच्या वेळी ती लाल बाटली आठवा, म्हणजे एका चांगल्या नावाची किंमत कळेल. ते नाव सुचायला औषधीच्या ज्ञानाबरोबर भाषेचा कानही लागतो. आणि याच हमदर्दच्या परंपरेतून, हकीम अब्दुल हमीद यांच्या प्रयत्नाने, दिल्लीत 'जामिया हमदर्द' हे विद्यापीठ उभे राहिले. १९८९ मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. बाजारातून आलेला पैसा पुन्हा विद्येकडे गेला.

एकाच वेळी दोन अभ्यास

येथवर आपण दोन विद्या एकत्र कशा नांदत होत्या ते पाहिले. पण कोणी म्हणेल, "हे मोठ्या माणसांचे झाले, विद्यार्थ्याने एकाच वेळी दोन ठिकाणी शिकणे शक्य आहे काय?" याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जीवनात उत्तर आहे. १९१६ मध्ये त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी आणि त्याच वेळी ग्रेज इन येथे कायद्यासाठी नाव घातले. १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपल्याने अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. १९१८ मध्ये ते मुंबईत प्राध्यापक झाले. कोठे, तर वर सांगितलेल्या त्याच सिडनहॅम कॉलेजात! तेथील पगारातून बचत करून, मित्रांची आणि शाहू महाराजांची मदत घेऊन १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि दोन्ही अभ्यास त्यांनी १९२३ पर्यंत पूर्ण केले. एक अभ्यास रुपयाचा, दुसरा कायद्याचा. पुढे त्यांनी देशासाठी जे केले त्यात या दोन्ही विद्या वेगळ्या काढता येणार नाहीत.

परदेशात आता अशा जोडअभ्यासाची रीतसर सोय झाली आहे. ऑस्ट्रेलियात मोनाशसारख्या विद्यापीठांत कला आणि वाणिज्य यांची दुहेरी पदवी घेता येते. दोन्ही पदव्या एकामागून एक घेतल्या तर तीन आणि तीन अशी सहा वर्षे जातात. दुहेरी अभ्यासक्रमात त्या साधारण चार वर्षांत होतात. हे कसे घडते? प्रत्येक पदवीत काही विषय विद्यार्थ्याच्या निवडीवर सोडलेले असतात. दुहेरी पदवीत एका पदवीतील निवडीच्या विषयांची जागा दुसऱ्या पदवीचे विषय घेतात. त्यामुळे इतिहास किंवा एखादी भाषा आणि मार्केटिंग हे दोन्ही मुख्य विषय एकाच विद्यार्थ्याला घेता येतात, आणि शेवटी हातात दोन प्रमाणपत्रे पडतात.

आपल्याकडील आजचे नियम

आपल्या देशात पूर्वी एका वेळी दोन पूर्णवेळ पदव्यांना मुभा नव्हती. एप्रिल २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने यासंबंधी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि दार उघडले. त्यानुसार तीन मार्ग आहेत. पहिला, दोन्ही अभ्यासक्रम प्रत्यक्ष वर्गात बसून करणे. मात्र दोहोंच्या तासिकांच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत. दुसरा, एक अभ्यासक्रम प्रत्यक्ष वर्गात आणि दुसरा दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन. तिसरा, दोन्ही दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन. पीएच.डी.ला ही सवलत लागू नाही. ऑस्ट्रेलियाच्या पद्धतीत आणि आपल्या पद्धतीत एक फरक ध्यानात ठेवावा. तेथे दोन पदव्या विणून एकच अभ्यासक्रम केलेला असतो. आपल्याकडे दोन स्वतंत्र अभ्यासक्रम शेजारी-शेजारी चालतात. म्हणून आपल्याकडे विषयांचा भार कमी होत नाही, फक्त वर्षे वाचतात.

आपल्या साधारण कुटुंबांना यातील दुसरा मार्ग अधिक सोईचा आहे असे माझे मत आहे. जवळच्या महाविद्यालयात नियमित बी.ए. आणि सोबत मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ पासून आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून हे काम करीत आहे.

ज्यांना दोन पदव्यांचा भार झेपणार नाही त्यांनीही निराश होऊ नये. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर एका पदवीतच मुख्य विषयाबरोबर गौण विषय आणि दुसऱ्या विद्याशाखेतील काही विषय घेण्याची सोय आली आहे. मुंबई विद्यापीठाच्या कला शाखेतील बहुमाध्यम व जनसंज्ञापन या पदवीत तर जाहिरात हा विषयच शिकवला जातो. भिंतीला अशा खिडक्या पडल्या आहेत. आपण त्या उघडून पाहत नाही, एवढेच.

आक्षेप आणि खबरदारी

आता एक रास्त आक्षेप. २००६ मध्ये न्यायमूर्ती सच्चर समितीने अहवाल दिला. त्यात दिसून आले की, वीस वर्षे व त्यावरील वयाच्या मुसलमानांत शंभरांत चारजणही पदवीधर नाहीत. "सर, जेथे एक पदवी दुर्मिळ तेथे दोन पदव्यांच्या गप्पा कशाला?" असे एका पालकांनी मला विचारलेही. त्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. पण माझा अनुभव असा की, आपली पुष्कळ मुले बारावीनंतर शिक्षण सोडतात ती केवळ गरिबीमुळे नव्हे. त्यांना नको असलेल्या शाखेत आपण ढकलतो. एक-दोन विषय राहतात, मन उडते, आणि मुलगा दुकानावर बसतो किंवा मुलीचे लग्न ठरते. ज्या विषयात मन रमते तो हातात राहू दिला आणि जोडीला पोटापाण्याची विद्या दिली, तर मूल टिकते. दुहेरी शिक्षणाचा खरा लाभ मला यातच दिसतो. दोन प्रमाणपत्रे हा त्यामागून येणारा लाभ होय.

तरीही घाई करू नका. नाव घालण्यापूर्वी पुढील गोष्टींची चौकशी करावी, ही माझी कळकळीची विनंती.

एक : दूरशिक्षणाचा तो विशिष्ट अभ्यासक्रम विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य केलेला आहे काय? जाहिरातीवर विसंबू नये.

दोन : आपले विद्यापीठ दुहेरी प्रवेशाला कोणत्या अटी घालते? आयोगाने कार्यपद्धती ठरवणे विद्यापीठांवर सोपवले आहे.

तीन : शाळा सोडल्याचा मूळ दाखला एकाच ठिकाणी जमा होतो. दुसऱ्या ठिकाणी काय चालेल, हे आधी विचारून घ्यावे.

चार : दोन्हींच्या परीक्षा एकाच दिवशी आल्या तर काय? मागील वर्षाची वेळापत्रके मिळवून पडताळून पाहावीत.

पाच : शिष्यवृत्ती कोणत्या अभ्यासक्रमासाठी मिळेल आणि दुसऱ्याची फी कोण भरणार, हे घरात बसून स्पष्ट बोलावे.

आणि शेवटचे, सर्वांत महत्त्वाचे. ज्या मुलाला एका अभ्यासाचाच भार होतो, त्याच्यावर दुसरा लादू नये. शेजाऱ्याच्या मुलाने दोन पदव्या घेतल्या म्हणून आपल्याही मुलाने घ्याव्यात, असा हट्ट धरला तर इतिहास आणि मार्केटिंग दोन्ही राहतील आणि मूलही हरवेल.

समारोप

वाचकहो, जोगेश्वरीच्या टेकडीवरचे इस्माईल युसुफ महाविद्यालय आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. जहाजांच्या धंद्यात नाव कमावलेल्या घराण्याच्या देणगीतून ते १९३० मध्ये सुरू झाले. अरबी-फारसीसारख्या विषयांच्या अभ्यासाला तेथे मानाचे स्थान होते. त्याच्याही आधी, १८७४ मध्ये, मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम स्थापन करण्यात पुढाकार घेणारे बद्रुद्दीन तय्यबजी हे एका व्यापाऱ्याचेच चिरंजीव. वडिलांनी व्यापारातील पैसा मुलांच्या शिक्षणावर खर्च केला. मुलगा बॅरिस्टर झाला, १८८७ मध्ये राष्ट्रीय सभेचा अध्यक्ष झाला आणि समाजासाठी शाळेचे दार उघडून गेला. या व्यापाऱ्यांनी कधी असे म्हटले नाही की, "भाषा आणि इतिहास शिकून काय करणार?" त्यांना बाजार कळत होता, म्हणूनच विद्येची किंमतही कळत होती.

आता त्या कापडवाल्या गृहस्थांच्या मुलीविषयी सांगून हा लेख संपवतो. पुढच्या आठवड्यात मी स्वतःच त्यांच्या दुकानावर गेलो आणि वरच्यापैकी बऱ्याच गोष्टी त्यांना सांगितल्या. अकरावीला मुलगी कला शाखेत गेली. सध्या ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात आहे आणि मुक्त विद्यापीठातून बी.कॉम.ही करते. ओढाताण होते, एका सत्रात जमाखर्चाचा एक विषय राहिलाही होता, तो तिने पुन्हा बसून काढला. दुकानात तिने एक साधी वही ठेवली आहे. काय विकले गेले ते वडील त्यांच्या वहीत लिहितात. गिऱ्हाईक काय मागून रिकाम्या हाती परत गेले, ते ती आपल्या वहीत लिहिते. मागच्या ईदपूर्वी वडिलांनी माल भरला तो तिची वही समोर ठेवून.

"सर," ते मला म्हणाले, "दुकान मी वीस वर्षं चालवलं. पण परत गेलेल्या गिऱ्हाइकाची नोंद ठेवावी, हे मला कधी सुचलंच नाही."

त्या पहिल्या दिवशी मुलीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर अखेर तिनेच दिले. आपल्या घरातही असा एखादा प्रश्न विचारणारे मूल असेल. येत्या जूनमध्ये त्याला शाखा विचारण्याआधी, तो प्रश्न नीट ऐकून घ्या, एवढीच आपणा सर्वांना नम्र विनंती. अल्लाह तआला आपल्या मुलांच्या इल्ममध्ये आणि रोजीमध्ये बरकत देवो. आमीन.